वाफेनंतरचा अंगारा

शिरूरच्या मिशनच्या आवारात जुन्या सुतारशाळेची एक लांबट पत्र्याची शेड होती. तिथले रंधे आणि करवती बंद पडल्यावर काही वर्षं तिच्यात कबुतरांशिवाय कुणी राहत नव्हतं. मग एके दिवशी नगरच्या मागांवरून पांढऱ्या विरळ कापडाचे तागे बैलगाडीनं येऊन पडले आणि गावानं आपापली अटकळ बांधली. कुणी म्हणालं, डॉक्टर उमाप कापडाचं दुकान काढतायत. कुणी म्हणालं, हे तर कफनाचं कापड दिसतंय, डॉक्टरला आपल्या औषधाची खात्री पटलेली दिसते! हा विनोद फिरत फिरत डॉक्टरांच्या कानावर गेला तेव्हा ते पोट धरून हसले आणि बायकोला म्हणाले, "हन्ना, गाव आपलं खरं हुशार आहे बघ."

नथानिएल उमाप याच मातीतले. वडील याकोब मिशनचे प्रचारक, गावोगाव पायी हिंडणारे. पोरगा शाळेत चमकला म्हणून मिशननं त्याला मिरजेला डॉक्टरकी शिकायला धाडलं. शिकून बाहेर पडतो तोच महायुद्ध पेटलं आणि डॉक्टर फौजेत गेले. ब्रह्मदेशच्या जंगलात दोन पावसाळे काढले, नंतर काश्मीरचा बर्फ पाहिला, आणि खांद्यावर कॅप्टनची तीन फुलं घेऊन परत आले. पेन्शन, मान, चार माणसांत बसायला खुर्ची, सगळं मिळालं. त्यांनी शिरूरच्या बाजारपेठेत दवाखाना थाटला. हन्नाबाई नर्स होत्या, त्या हाताशी होत्याच. दवाखाना चांगला चालला होता. मग या गड्याला भरल्या ताटावरून उठून पट्ट्यांचा कारखाना काढायची अवदसा का आठवली?

त्याचं उत्तर ब्रह्मदेशात होतं. साताऱ्याकडचा एक पोरसवदा शिपाई होता. पोटरीला जखम झालेली, आणि तीही बोटभर. पण पट्ट्या संपल्या होत्या. डॉक्टरांनी तंबूच्या कापडाची चिंधी ओढ्यात धुतली आणि तीच बांधली. जखम लहान होती, चिंधी घाण होती. पोराला धनुर्वात झाला. दातखीळ बसलेल्या त्या तोंडात डॉक्टरांनी चमच्यानं पाणी घालून पाहिलं होतं. ते पाणी गालावरून ओघळायचं. पुढं शिरूरला दवाखान्यात बसल्यावर रोज तेच दिसायला लागलं. विळा लागला, लाव शेण. कुऱ्हाड बसली, भर राख. लोक आपल्या मायेनंच जखमेत माती भरत होते. एक-एक रोगी बरा करून हे संपणार नाही, असं डॉक्टरांच्या मनानं घेतलं. घरोघर, बाजारोबाजार, पलटणीपलटणीत स्वच्छ पट्टी पोचली पाहिजे. पंचावन्न साली त्यांनी दवाखाना हन्नाबाईंच्या आणि एका तरुण डॉक्टरच्या हवाली केला आणि स्वतः शेडीत येऊन बसले.

आता ही पट्टी कशी व्हायची, ते थोडं सांगायला हवं. कापड आधी मोठ्या हंड्यात उकळायचं, वाळवायचं, कापायचं. त्याच्या घड्या घालून मऊ गादी करायची, गादीला लांब पट्टी शिवायची. मग हे सगळं लोखंडी भट्टीत दाबाच्या वाफेवर ठेवायचं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा जंतूसुद्धा जिवंत राहत नाही. वाफेतून निघाल्यावर मात्र खरी जोखीम. बंद खोलीत, तोंडाला फडकं बांधून, घासून धुतलेल्या हातांनी ती गादी मेणकागदाच्या पुडीत घालून डकवायची. तिथं कुणाचा श्वाससुद्धा लागता कामा नये.

या बंद खोलीत फक्त दोघी. एक दयाबाई, मिशनमधल्या विधवा, बायबल तोंडपाठ असलेल्या. दुसरी धुरपदा, घोडनदीकाठच्या वस्तीवरची. नवरा हौशीराम दम्यानं खाटेला खिळलेला, आणि एकुलता पोरगा मच्छिंद्र. धुरपदाला अक्षर येत नव्हतं, पण डॉक्टरांच्या शाळेत ती पहिली आली होती. होय, शाळाच. नवी बाई कामाला आली की डॉक्टर तिला आठवडाभर नुसतं शिकवायचे. काचेच्या ताटलीत शिजवून थिजवलेला रस असायचा. त्यावर न धुतलेलं बोट टेकवायला सांगायचे, शेजारच्या ताटलीवर धुतलेलं. दोन दिवसांनी पहिल्या ताटलीवर बुरशीसारखे ठिपके उगवायचे. मग त्यातलं जरासं काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली.

पहिल्यांदा नळीला डोळा लावला तेव्हा धुरपदा दचकून मागं सरली होती. "आत्ता गं बया! हे माझ्या हातावं व्हतं?"

"तुमच्याच."

"आन् ह्याच हातानं मी इतकी वर्सं भाकऱ्या थापल्या? मंग आमचं मालक जित्तं कसं ऱ्हायलं?"

"तुझ्या भाकरीला ते किडेच घाबरले असतील," दयाबाई म्हणाल्या, आणि सगळी शेड हसली.

पण त्या दिवसापासून धुरपदा हात धुवायला लागली ती कोपरापर्यंत. प्रत्येक गोष्टीला तिचं "पन का?" ठरलेलं. वाफ का, नुसतं ऊन का नाही? मेणकागद का, वर्तमानपत्र का नाही? डॉक्टरांना हा "का" फार आवडायचा. ते हन्नाबाईंना म्हणायचे, "कॉलेजात गेली असती तर ही बाई माझी परीक्षक झाली असती."

मच्छिंद्र पलटणीत भरती झाला त्याला डॉक्टरांचीच शिफारस होती. जाताना तो शेडीत पाया पडायला आला. धुरपदा बंद खोलीत होती, हातातलं काम टाकून तिला बाहेर येता येईना. त्यानं काचेतूनच हात हलवला आणि ओरडला, "आये, येतो गं!" तिनं तोंडाला बांधलेल्या फडक्याआडून काय म्हटलं, ते कुणाला ऐकू आलं नाही.

बासष्ट सालच्या दिवाळीत उत्तरेच्या सरहद्दीवर लढाई पेटली. रेडिओभोवती माणसं जमू लागली. आणि लगोलग फौजेकडून डॉक्टरांच्या कारखान्याला मागणी आली: जेवढ्या होतील तेवढ्या पट्ट्या, आणि ताबडतोब. ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप मांडला होता, ते दारात येऊन उभं राहिलं. बायकांनी फराळाची भांडी तशीच ठेवली आणि पाळ्या लावून काम धरलं. पहिली खेप भराभर तयार झाली. हौसराव ड्रायव्हरनं ती ट्रकनं दौंडच्या मालधक्क्यावर पोचवली आणि तिथून ती रेल्वेनं उत्तरेला गेली. मच्छिंद्रची पलटणही तिकडंच होती.

दुसरी खेप निघाली त्या दिवशी डॉक्टर कामासाठी पुण्याला गेले होते. संध्याकाळी परतले तर ट्रक दुपारीच दौंडला रवाना झालेला. प्रत्येक खेपेतल्या चार पुड्या मागं ठेवायच्या आणि त्या डॉक्टरांनी फोडून तपासायच्या, असा रिवाज होता. एरवी ते माल निघायच्या आधी तपासत. पहिल्या खेपेच्या घाईत ते राहून गेलं होतं. आता त्यांनी पांढरं फडकं पसरलं, पुडी फाडली, आणि गादी उलगडली.

फडक्यावर चिमूटभर करडी राख सांडली.

त्यांनी दुसरी पुडी फाडली. त्यातही राख. तिसरीत, चौथीत. डॉक्टरांनी दोघींना बोलावलं. आवाज चढवला नाही. नुसतं फडक्याकडं बोट केलं.

"भैरोबाचा अंगारा हाय, साहेब," धुरपदा म्हणाली. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं.

"कधी घातला?"

"पुडी डकवताना. वाफंच्या आदी घातला असता तर भिजून गाळ झाला असता. त्याचं सत्त्व जातं. म्हनून वाफंनंतर."

वाफेआधी घातला असता तर काही बिघडलं नसतं. डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. "सगळ्या पुड्यांत?"

"सगळ्यांत. एका चिमटीनं काय व्हतंय, साहेब? कुठली पुडी माझ्या मच्छिंद्राच्या हाताला लागंल, कुणाला ठाव? मंग एकाला घालू आन् दुसऱ्याला नको, असं कसं करू? समदी कुनाची ना कुनाची लेकरंच की."

डॉक्टर दयाबाईंकडं वळले. "तुम्ही पाहत होता?"

दयाबाईंनी मान खाली घातली. "पाहत होते. मी पण प्रत्येक पुडीवर मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होते, साहेब. तिला कुठल्या तोंडानं नको म्हणू?"

"प्रार्थना सांडत नाही, दयाबाई," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पहिल्या खेपेतही?"

"व्हय," धुरपदा म्हणाली. आता तिच्या आवाजात धास्ती होती. "का वो साहेब? काय चुकलं का?"

त्यांनी तिथं काही सांगितलं नाही. वेळ नव्हता. मिशनच्या पाळकांची जुनी मोटार मागून घेतली, दोघींना मागं बसवलं, कारण पेट्या उतरवायला हात लागणार होते. भीमा ओलांडून दौंडला पोचले तेव्हा मालधक्क्यावर पेट्या डब्यात भरून झाल्या होत्या. मालबाबू कानावर पेन्सिल खोचून उभा होता.

"युद्धाचा माल आहे, साहेब. भरलेला डबा रिकामा करायचा अधिकार मला नाही."

"पाठवणारा मी आहे. पावतीवर माझी सही आहे. मला माझा माल परत हवाय."

"अहो, लोक वशिला लावून माल पुढं धाडतायत, आणि तुम्ही मागं घेताय? खराब आहे का?"

"आहे," डॉक्टर म्हणाले.

बाबूनं त्यांच्या मागं उभ्या असलेल्या दोघींकडं पाहिलं आणि आणखी काही विचारलं नाही. माल पोचवून अजून धक्क्यावरच थांबलेला हौसराव, डॉक्टर, दयाबाई आणि धुरपदा, चौघांनी मिळून पेट्या उतरवल्या. धुरपदा पेटी उचलायची तेव्हा ती छातीशी धरायची, पाळण्यातलं मूल उचलावं तशी. गाडी सुटली तेव्हा त्यांचा डबा रिकामा नव्हता. बाबूनं तेवढ्यात त्यात दुसऱ्या कुणाची पोती भरून टाकली होती.

स्टेशनातून डॉक्टरांनी फौजेच्या डेपोला तार केली: पहिल्या खेपेतल्या पट्ट्या वापरू नका, बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या फोनवर पुण्याचा एक अधिकारी त्यांच्यावर भडकला. "डॉक्टर, तिकडं माणसं मरतायत, आणि तुम्ही माल अडवताय?"

"म्हणूनच अडवतोय," डॉक्टर म्हणाले. त्यांना तेव्हा आपल्या बोलण्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

फोडलेल्या पुड्यांतली एक चिमूट राख त्यांनी उकळून गार केलेल्या रश्शात टाकून उबेला ठेवली होती. आठवडा गेला तसा तो रस्सा गढूळ झाला, त्याला कुजका वास सुटला. डॉक्टरांनी सगळ्या बायकांना एकत्र बसवलं. चिडायचं नाही, शिकवायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी सांगितलं, अंगारा गोवऱ्यांच्या धुनीतला. वर राख असते, खाली माती असते, आणि शेणामातीत धनुर्वाताचं बी असतं. ते बी वर्षानुवर्षं निजून राहतं. जखमेत गेलं की जागं होतं. धनुर्वातात माणूस कसा जातो, तेही त्यांनी सांगितलं, त्या साताऱ्याच्या पोराचं नाव न घेता. मग एकेकीला नळीतून पाहायला लावलं.

धुरपदा बराच वेळ डोळा लावून होती.

"हे जित्तं हाय?"

"जिवंत आहे."

"आन् हे मी घातलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत झालं. संपलं."

ती उठली, मोरीपाशी गेली आणि हात धुवायला लागली. डॉक्टरांना वाटलं, धडा चांगला वठला.

परत आणलेल्या गाद्या पुन्हा वाफेवर घालून, नव्या पुड्यांत भरून दुसरी खेप तयार होईतो लढाई थांबली. माल दौंडच्या धक्क्यावर तसाच पडून राहिला. आणि त्यानंतर आठवड्याभरात घोडनदीकाठच्या वस्तीवर तार आली. मच्छिंद्र जखमी होऊन मरण पावला, एवढंच तीत होतं. कसली जखम, कुठं, काय झालं, काही नाही. देहही आला नाही. हौशीराम खाटेवरून उठून उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथंच बसला.

बारावं उरकल्यावर धुरपदा कामावर आली. डोळे कोरडे. ती सरळ डॉक्टरांच्या टेबलापाशी आली. हन्नाबाई तिथंच बसल्या होत्या.

"साहेब, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"पोराच्या जखमंवर माझीच पट्टी बांधली आसंल का?"

हा प्रश्न येईल असं डॉक्टरांना वाटलं नव्हतं. खरं म्हणजे तो त्यांनीच तिच्या हातात दिला होता. महिन्याभरापूर्वीची धुरपदा असती तर म्हणाली असती, भैरोबाचा अंगारा पाठीशी होता तरी पोरगं गेलं, नशीब. रडली असती, देवाला शिव्या घातल्या असत्या, आणि उद्या नाही तर परवा सावरली असती. तो आधार डॉक्टरांनी काचेखाली धरून तिला दाखवला होता, हा बघा, जिवंत आहे.

"मला माहीत नाही, धुरपदाबाई," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि बंद खोलीत गेली.

तो हिवाळा फार वाईट गेला. धुरपदा कामाला एक दिवस चुकली नाही. ती हात धुवायची, पुसायची, पुन्हा धुवायची. कातडी फाटून बोटांच्या पेरांतून रक्त येऊ लागलं तेव्हा डॉक्टरांनी तिला बंद खोलीतून काढून कापड वाळवायच्या कामावर घातलं. फाटल्या हातांनी पट्टीला हात लावायचा नाही, हा नियम त्यांचाच. तिनं तोही निमूट पाळला. पण मधल्या सुट्टीत बायका भाकरीची फडकी सोडून बसल्या की ती बाजूला बसायची आणि भाकरीला हात लावायची नाही. दयाबाई तिला घास भरवू लागल्या, लहान मुलाला भरवावं तसा.

"खा गं. माझे हात धुतलेले आहेत," दयाबाई म्हणायच्या.

"तुमचं धुतल्यालं असत्यात, बाई. तुमचं काय न्हाई."

डॉक्टरांनी पलटणीला लिहिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. फौज आपल्याच जखमा मोजत होती, शिरूरच्या कारखानदाराला कोण उत्तर देणार? मग फाल्गुनात हौसराव दौंडहून बातमी घेऊन आला. दौंडच्या रेल्वे लायनीत भिमाजी म्हणून एक जवान परतलाय, पायाची बोटं हिमदंशानं गेलीत, आणि तो मच्छिंद्रच्याच तुकडीतला आहे.

डॉक्टर दुसऱ्याच दिवशी गेले. एकटेच गेले. भिमाजी भावाच्या क्वार्टरच्या ओट्यावर ऊन खात बसला होता. रेल्वेत खलाशी असलेला भाऊ कामावर गेला होता. डॉक्टरांना पाहून तो उठायला लागला, डॉक्टरांनी त्याला खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं, आणि सवयीनं आधी त्याच्या पायाच्या जखमा पाहिल्या. चांगल्या भरत होत्या.

"मच्छिंद्रला कशाची जखम झाली होती?"

"मांडीत गोळी, साहेब. आरपार." भिमाजीनं स्वतःच्या मांडीवर जागा दाखवली. "हाड न्हवतं मोडलं. मला म्हनला, भिम्या, सुटलो, आता घरला धाडत्याल. हसत व्हता गडी."

"पट्टी कुणी बांधली?"

"कुठली पट्टी? ज्याच्या त्याच्या खिशातली कवाच संपली व्हती. मी माझा मफलर बांधला. रगात काय थांबंना. रातभर त्याला घिऊन बसलो. दिस उगवायच्या आदी गेला."

मांडीतून आरपार गोळी, हाड शाबूत. अशी माणसं डॉक्टरांनी स्वतः वाचवली होती. घट्ट गादी आणि वरून आवळून पट्टी, एवढ्यावर.

"पट्ट्या आल्याच नव्हत्या?"

"आल्या व्हत्या म्हनं मागं. दवाखान्यातला अर्दली सांगत व्हता, पेट्या पडल्यात, पन वापरू नका म्हनून वरनं हुकूम हाय. खराब माल हाय म्हनं." भिमाजी थुंकला. "कोन भाडखाव खराब माल धाडतंय लढाईत, साहेब? घावला पायजे व्हता मला."

"कुठल्या कारखान्याच्या पेट्या होत्या, काही सांगितलं त्यानं?"

"त्ये मला काय ठाव?"

डॉक्टरांना मात्र ठाऊक होतं. खात्री नव्हती, पण ठाऊक होतं. ते परतले आणि दोन दिवस शेडीकडं फिरकले नाहीत. घरात खुर्चीत बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हन्नाबाईंना सगळं सांगितलं.

हन्नाबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही थांबवलं ते बरोबरच होतं."

"मला माहीत आहे."

"मग त्या बिचारीला अर्धंच सांगा. तिथं पट्टी पोचलीच नाही, तुझ्या हातानं काही झालं नाही, एवढंच. ते खोटं नाही. आणि अर्ध्यातच तिचं भागतंय. उरलेलं अर्धं तुम्ही तुमच्यापाशी ठेवा."

डॉक्टरांना हे पटलं. खरंच पटलं. मनाशी वाक्य जुळवत ते शेडीच्या मागच्या अंगाला गेले. धुरपदा दोरीवर ओलं कापड पसरत होती. उन्हात त्या लांब पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगा फडफडत होत्या. डॉक्टरांनी तिला सावलीत बोलावलं आणि उलटी बादली घेऊन तिच्यासमोर बसले.

"धुरपदाबाई, मी दौंडला भिमाजीला भेटून आलो. तो शेवटपर्यंत मच्छिंद्रजवळ होता."

तिनं हातातलं कापड मांडीवर ठेवलं.

"तुमच्या हातानं काही झालेलं नाही. त्याच्या जखमेला तुमची पट्टी लागलीच नाही. कुठलीच लागली नाही. भिमाजीनं मफलर बांधला होता. रक्त गेलं, म्हणून तो गेला."

धुरपदा त्यांच्याकडं पाहत राहिली. तिचा श्वास एकदम मोठा झाला, जणू महिनोन्‌महिने कोंडलेला होता. तिनं दोन्ही फाटके तळहात उलटे करून पाहिले. डॉक्टर उठायला लागले. एवढ्यावर उठले असते तर झालं असतं.

"पन का?" ती म्हणाली.

"काय का?"

"पट्टी का न्हवती? पयली खेप गेली व्हती की आपली. तिकडंच गेली व्हती. मंग का न्हवती?"

हन्नाबाईंनी दिलेलं अर्धं तिथं संपलं. "लढाईत असंच होतं" असं काहीतरी त्यांच्या जिभेवर आलं होतं. समोरची बाई वाट पाहत होती, आणि सात वर्षं त्यांनी तिला कुठल्याच "का"ला असलं उत्तर दिलं नव्हतं.

"पेट्या पोचल्या होत्या," डॉक्टर म्हणाले. "त्या वापरू नका असा हुकूम होता. तो हुकूम माझ्या तारेमुळं निघाला. मी दौंडहून केली होती ती. तुम्ही तिथंच होता."

कापड फडफडत होतं. पलीकडं दयाबाई कुणाला तरी हंडा उतरवायला सांगत होत्या.

"मी घातलं म्हनून तुमी थांबीवलं," धुरपदा हळू म्हणाली.

"थांबवलं मी. ते माझं आहे. तुमचं नाही."

"साहेब, रगात थांबलं असतं का? पट्टी आसती तर?"

"थांबलं असतं," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक थांबलं असतं."

"आन् मंग अंगाऱ्यानं धनुर्वात झाला असता."

"झाला असता, असं नाही. कदाचित झाला असता."

ती काहीतरी मनाशी जुळवत होती. धडा शिकताना तिच्या कपाळावर पडायची तीच आठी आता पडली होती.

"धनुर्वात लगीच व्हतो का वो?"

"नाही. दिवस लागतात. आठ-दहा दिवस, कधी जास्तही."

"आठ-धा दिस." तिनं मान हलवली. "तवर लढाई थांबली व्हती. त्याला दवाखान्यात नेला असता. तिथं कुनीतरी तुमच्यासारखं असतं. आन् नसतं कुनी, तरी आठ-धा दिस जित्ता असता की, साहेब. तेवढं दिस तरी असता."

डॉक्टरांनी हात पुढं केला, तो तिच्या हातापर्यंत पोचला नाही.

धुरपदा उठली. मांडीवरचं कापड मातीला लागलं होतं. तिनं ते उकळायच्या हंड्याकडं नेऊन ठेवलं, पुन्हा धुवायचं म्हणून वेगळं. मग पदर तोंडावर घेऊन ती दोरीवरच्या पांढऱ्या रांगांमध्ये शिरली, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मोठ्यानं रडू लागली. डॉक्टर त्या बादलीवर बसून राहिले. दयाबाई धावत आल्या, त्यांनी एकदा डॉक्टरांकडं आणि एकदा कापडांकडं पाहिलं. डॉक्टरांनी त्यांना हातानं खूण केली, तिच्याकडं जा.